पाळीचा ताल सोडणारी गाठ
ओटीपोटाबाहेरचा एन्डोमेट्रिओसिस आणि त्यातून क्वचित उद्भवणारा कर्करोग

दुसरे सिझेरियन होऊन पंधरा-अठरा वर्षे लोटलेली असतात. मुले मोठी झालेली, घरात सून येण्याच्या गोष्टी सुरू झालेल्या. अशा वेळी चाळिशी उलटलेल्या गृहिणीला स्नान करताना पोटावरच्या जुन्या टाक्यांच्या टोकाशी सुपारीएवढी टणक गाठ हाताला लागते. पाळीच्या एक-दोन दिवस आधी ती फुगते, ठणकते; पाळी सरली की निवते. "टाके ओढतात, दुसरे काही नाही," असे ती स्वतःलाच सांगते. सणवार, लग्नसराई, पाहुण्यांची उठबस यांत वर्षे निघून जातात. गाठ मात्र तिथेच असते.

असे चित्र अनेक घरांत आढळते. बहुतेक वेळा ही गाठ कर्करोगाची नसते. तिचे कारण असते एन्डोमेट्रिओसिस हा दीर्घकाळ चालणारा, त्रासदायक, पण प्राणघातक नसलेला आजार. मात्र फार थोड्या स्त्रियांमध्ये, अनेक वर्षांनंतर, याच गाठीत कर्करोग निर्माण होऊ शकतो. हा बदल दुर्मीळ असला तरी तो बहुधा काही इशारे देतो. ते इशारे ओळखता आले, तर भीतीलाही जागा राहत नाही आणि दुर्लक्षालाही.

आजाराची ओळख

गर्भाशयाच्या आतल्या बाजूस एक मऊ अस्तर असते. दर महिन्याला ते जाड होते आणि गर्भधारणा झाली नाही, तर पाळीच्या रक्तावाटे बाहेर पडते. या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर कोठेतरी रुजतात आणि वाढतात, तेव्हा त्या स्थितीला एन्डोमेट्रिओसिस म्हणतात. या पेशी जिथे असतील तिथे मासिक संप्रेरकांना प्रतिसाद देतात. त्या सुजतात, कधी त्यांतून रक्तस्राव होतो. पण त्या रक्ताला बाहेर पडण्यास वाट नसते. परिणामी दाह, वेदना, चिकटलेले अवयव आणि गाठी निर्माण होतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात जवळपास १९ कोटी स्त्रियांना व मुलींना हा आजार आहे. तो बहुधा ओटीपोटातच असतो. अंडाशयावर त्याची गाठ झाली, की जुन्या, घट्ट, तपकिरी रक्तामुळे तिला 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात. हे नाव आता अनेक घरांत परिचित झाले आहे. ओटीपोटाबाहेर होणारा एन्डोमेट्रिओसिस मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो, आणि म्हणूनच तो ओळखण्यास विलंब लागतो.

ओटीपोटाबाहेरच्या जागा

यांपैकी सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे पोटाची भिंत, विशेषतः सिझेरियनच्या टाक्यांचा व्रण. शस्त्रक्रियेत गर्भाशय उघडले जाते, तेव्हा अस्तराच्या काही पेशी त्वचेखालच्या चरबीत किंवा स्नायूत सांडतात आणि तिथेच रुजतात, असे मानले जाते. सिझेरियन झालेल्या शंभर स्त्रियांमध्ये एकीलाही हा त्रास होतोच असे नाही. प्रमाण त्याहून कमीच आहे. परंतु सिझेरियनची संख्याच आता मोठी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचे आढळले. खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७ टक्क्यांच्या वर होते. शहरांतील व्यापारी कुटुंबांतील बहुतेक बाळंतपणे खासगी रुग्णालयांतच होतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या विषयाचे घराघराशी असलेले नाते स्पष्ट होते.

दुसरी जागा नाभी. बेंबीत निळसर-तपकिरी गाठ येते आणि पाळीच्या दिवसांत ती दुखते, क्वचित तिच्यातून रक्तही येते. फ्रेंच शल्यविशारद व्हिलार यांनी १८८६ मध्ये तिचे वर्णन केले. म्हणून वैद्यकात ती 'व्हिलारची गाठ' म्हणून ओळखली जाते. बेंबीतल्या गाठीचे दुसरे एक नाव मात्र अधिक गंभीर आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे डॉ. विल्यम मेयो यांना शस्त्रक्रियेत साहाय्य करणाऱ्या परिचारिका सिस्टर मेरी जोसेफ यांच्या लक्षात आले होते, की बेंबीत टणक गाठ असलेल्या काही रुग्णांच्या पोटात कर्करोग पसरलेला असतो. १९४९ मध्ये त्या गाठीला त्यांचे नाव देण्यात आले. नाभी एकच, पण तिथली एक गाठ साध्या आजाराची, तर दुसरी पोटातील कर्करोगाची खूण. केवळ डोळ्यांनी पाहून त्यांतला भेद सांगता येत नाही. तपासणीची गरज इथेच कळते.

तिसरी जागा छाती. श्वासपटलावर किंवा फुप्फुसाच्या आवरणावर या पेशी रुजल्या, तर पाळीच्या सुमारास छातीत किंवा खांद्यात कळ येते, धाप लागते, क्वचित खोकल्यातून रक्त पडते. कधी फुप्फुसाभोवती हवा साठून ते आकसते. हे बहुतेक वेळा उजव्या बाजूस घडते. याखेरीज आतडे, जांघ, यकृत अशा ठिकाणीही हा आजार आढळला आहे. या सर्वांना जोडणारा धागा एकच : त्रासाचे वेळापत्रक पाळीच्या वेळापत्रकाशी जुळते.

शंभर वर्षांचा अभ्यास

एन्डोमेट्रिओसिस आणि कर्करोग यांचा संबंध प्रथम स्पष्टपणे मांडला तो न्यूयॉर्क राज्यातील अल्बनी येथील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जॉन सॅम्पसन यांनी. १९२१ मध्ये त्यांनी अंडाशयातील चॉकलेट सिस्टचे सविस्तर वर्णन केले. १९२५ मध्ये अशा ऊतीतून कर्करोग निर्माण झाल्याची उदाहरणे त्यांनी प्रसिद्ध केली. पण त्यांनी केवळ शंका उपस्थित केली नाही; ती सिद्ध करण्याच्या कसोट्याही घालून दिल्या. कर्करोगाच्या शेजारीच एन्डोमेट्रिओसिस दिसला पाहिजे; कर्करोगाच्या पेशींचे रूप गर्भाशयाच्या अस्तरातून उगम पावल्याशी जुळणारे असले पाहिजे; आणि तो कर्करोग शरीरात अन्यत्र सुरू होऊन तिथे पसरलेला नाही, याची खात्री झाली पाहिजे. १९५३ मध्ये स्कॉट यांनी चौथी कसोटी जोडली : साध्या पेशी आणि कर्करोगाच्या पेशी यांच्यामधली संक्रमणाची अवस्था सूक्ष्मदर्शकाखाली दिसली पाहिजे.

या चारही कसोट्या पूर्ण होणे कठीण असते, कारण वाढलेला कर्करोग आपला उगम असलेली मूळ ऊतीच बहुधा नष्ट करून टाकतो. तरीही गेल्या शतकात अशा रुग्णांची नोंद जगभर होत राहिली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात अशा कर्करोगांपैकी जवळपास चार पंचमांश अंडाशयात, तर सुमारे एक पंचमांश अंडाशयाबाहेर आढळले. पोटाची भिंत, नाभी, छाती यांतील कर्करोग हा त्या एक पंचमांशातलाही छोटासा भाग आहे.

असा बदल का होतो, याचे उत्तर अलीकडच्या जनुकीय संशोधनातून थोडे उलगडू लागले आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अंडाशयाच्या 'क्लिअर सेल' प्रकारच्या कर्करोगांपैकी ४६ टक्क्यांत आणि 'एन्डोमेट्रिऑइड' प्रकारच्या ३० टक्क्यांत 'एआरआयडी१ए' नावाच्या जनुकात दोष आढळला. काही रुग्णांत शेजारच्या एन्डोमेट्रिओसिसच्या पेशींतही तोच दोष होता. म्हणजे घसरण कर्करोगाच्या आधीच सुरू झाली होती. पुढे २०१७ मध्ये कर्करोग नसलेल्या, खोलवर रुजलेल्या एन्डोमेट्रिओसिसमध्येही कर्करोगाशी संबंधित जनुकीय बदल काही स्त्रियांत सापडले. त्या स्त्रियांना कर्करोग नव्हता. यावरून एवढेच दिसते की एका दोषाने कर्करोग होत नाही. अनेक दोष, अनेक वर्षे आणि अनुकूल परिस्थिती एकत्र यावी लागते. वारंवार होणाऱ्या रक्तस्रावातून साठणारे लोह आणि त्यामुळे पेशींच्या जनुकांना होणारी इजा, सततचा दाह, तसेच इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा दीर्घ प्रभाव ही त्या परिस्थितीची संभाव्य कारणे मानली जातात. एन्डोमेट्रिओसिसच्या पेशी स्वतःही थोडे इस्ट्रोजेन तयार करतात, हे येथे लक्षणीय आहे.

धोका नेमका किती?

हा प्रश्न शांतपणे समजून घेणे आवश्यक आहे. एन्डोमेट्रिओसिस असलेल्या शंभर स्त्रियांमध्ये साधारण एकीत किंवा त्याहूनही कमी प्रमाणात असे रूपांतर होते, असे वैद्यकीय साहित्यात दीर्घकाळ नमूद होत आले आहे. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्त्रीला आयुष्यात कधीतरी अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे १.३ टक्के असते. एन्डोमेट्रिओसिस असल्यास ती १.८ टक्के होते. अमेरिकेतील युटा राज्यातील स्त्रियांच्या नोंदींवर आधारित आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा धोका सुमारे चौपट दिसला. 'चौपट' हा शब्द भयावह वाटतो. पण प्रत्यक्षात त्याचा अर्थ दर १०,००० स्त्रियांमागे सुमारे १० अधिक रुग्ण, एवढाच होता.

व्यापारात केवळ टक्केवारीने कोणी निर्णय घेत नाही, मूळ रक्कम किती हे पाहतो. इथेही तेच धोरण योग्य. मूळ धोका लहान आहे; तो काही पटींनी वाढला तरी लहानच राहतो. म्हणून एन्डोमेट्रिओसिसचे निदान झालेल्या स्त्रीने किंवा तिच्या घराने कर्करोगाच्या धास्तीत राहण्याचे कारण नाही. त्याच वेळी, टाक्यांच्या व्रणात कर्करोग झालाच तर तो बहुधा क्लिअर सेल प्रकारचा असतो, आक्रमक असतो आणि उशिरा कळल्यास जांघेतील लसिका ग्रंथींपर्यंत पसरलेला असू शकतो. प्रसंग दुर्मीळ, पण किंमत मोठी. म्हणूनच दक्षता आवश्यक ठरते.

ताल सुटला की सावध व्हावे

साध्या एन्डोमेट्रिओसिसची गाठ पाळीच्या तालावर चालते. ती दुखते आणि शमते, फुगते आणि ओसरते. हा ताल मोडला, तर तो सर्वांत महत्त्वाचा इशारा समजावा. पूर्वी केवळ पाळीत होणारी वेदना महिनाभर राहू लागली. अनेक वर्षे एकाच आकाराची असलेली गाठ काही महिन्यांत झपाट्याने वाढली. तिच्यावरची त्वचा लाल होऊन तिथून स्राव येऊ लागला किंवा जखम झाली. जांघेत नवी गाठ जाणवू लागली. तर विलंब न करता डॉक्टरांकडे जावे.

यात रजोनिवृत्तीनंतरचा काळ विशेष महत्त्वाचा. पाळी थांबली की एन्डोमेट्रिओसिस बहुधा शांत होतो. त्यामुळे पाळी बंद झाल्यानंतर जुनी गाठ पुन्हा वाढू लागली, किंवा योनिमार्गाने रक्तस्राव झाला, तर तो वयाचा भाग मानून सोडून देऊ नये. टाक्यांच्या व्रणातील कर्करोगाच्या प्रसिद्ध वृत्तांतांत शस्त्रक्रिया आणि कर्करोग यांच्यामधले अंतर अनेकदा पंधरा-वीस वर्षांचे किंवा त्याहून अधिक असते. इतक्या काळानंतर जुन्या सिझेरियनचा आणि नव्या गाठीचा संबंध रुग्णालाच सुचत नाही. मग डॉक्टरांना तो कोण सांगणार?

निदान आणि उपचार

टाक्यांजवळची गाठ पाहिली की प्रथम हर्निया, टाक्याच्या दोऱ्याची प्रतिक्रिया, गळू किंवा चरबीची गाठ यांची शंका येते. ही शंका चुकीची नसते. त्या गोष्टी अधिक प्रमाणात आढळतात. परंतु "पाळीत ही गाठ दुखते का?" हा एक प्रश्न विचारला गेला, किंवा रुग्णाने स्वतःहून ते सांगितले, तर तपासाची दिशा बदलते. सोनोग्राफीने गाठीचा आकार कळतो. एमआरआयने ती स्नायूत किती खोल गेली आहे हे समजते. 'सीए १२५' ही रक्तचाचणी एन्डोमेट्रिओसिसमध्येही वाढू शकते आणि कर्करोगातही. त्यामुळे केवळ त्या आकड्यावरून घाबरू नये किंवा निर्धास्तही होऊ नये. संशय असल्यास सुईने गाठीचा तुकडा काढून केलेली बायोप्सी आवश्यक ठरते. अंतिम निर्णय सूक्ष्मदर्शकाखालीच होतो.

आतड्यातील गाठीच्या बाबतीत तर हा निर्णय अधिकच महत्त्वाचा. तिथला एन्डोमेट्रिओसिसजन्य कर्करोग वरकरणी आतड्याच्या नेहमीच्या कर्करोगासारखा दिसतो. पेशींवर विशेष रंगप्रक्रिया करून त्यांचे मूळ गर्भाशयाच्या अस्तराशी जुळते की आतड्याशी, हे ठरवले जाते; कारण पुढील औषधयोजना त्यावर अवलंबून असते.

साधी गाठ असल्यास संप्रेरकांची औषधे किंवा शस्त्रक्रिया यांपैकी योग्य तो मार्ग निवडला जातो. शस्त्रक्रियेत गाठ भोवतालच्या निरोगी ऊतीच्या कडेसह पूर्ण काढली जाते. अपुरी काढल्यास ती परत येऊ शकते. कर्करोग असल्यास अधिक रुंद कड ठेवून गाठ काढावी लागते. पोटाच्या भिंतीचा मोठा भाग गेल्यास जाळी बसवून ती पुन्हा बांधली जाते. गर्भाशय, अंडाशय आणि लसिका ग्रंथी यांचाही विचार केला जातो, आणि बहुधा कार्बोप्लाटिन व पॅक्लिटॅक्सेल यांसारखी केमोथेरपी दिली जाते. रुग्ण इतके थोडे असतात, की या उपचारांवर मोठ्या तुलनात्मक चाचण्या झालेल्या नाहीत. म्हणून अशी शंका आली, की स्त्री-कर्करोगतज्ज्ञ, शल्यविशारद आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र काम करतात अशा मोठ्या केंद्रात जाणे हितावह असते.

गर्भाशय काढल्यानंतरही

"पिशवी काढली, आता काळजी मिटली," असे अनेक घरांत मानले जाते. पण पोटाच्या भिंतीत, आतड्यावर किंवा अन्यत्र एन्डोमेट्रिओसिसच्या पेशी शिल्लक असतील, तर गर्भाशय काढल्याने त्या नाहीशा होत नाहीत. अशा स्त्रीला अंगातील वाफा, घाम, अस्वस्थता यांसाठी केवळ इस्ट्रोजेनची औषधे दीर्घकाळ दिली गेली, तर त्या पेशींना पुन्हा चालना मिळू शकते. त्यांत कर्करोग झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून एन्डोमेट्रिओसिसचा पूर्वेतिहास असलेल्या स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन देण्याचे टाळावे, असे युरोपीय मार्गदर्शक सूचना सांगतात. गरज असल्यास प्रोजेस्टेरॉनवर्गीय औषधाची जोड दिली जाते. डॉक्टर बदलले, गाव बदलले, तरी हा इतिहास नव्या डॉक्टरांना सांगणे हे रुग्णाचे आणि घराचे काम आहे. रजोनिवृत्तीनंतर शरीरातील चरबीही इस्ट्रोजेन तयार करते. त्यामुळे वजन आटोक्यात ठेवण्याचा सल्ला येथेही लागू पडतो.

घराने काय करावे

व्यापारी घराला नोंदीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. दहा वर्षांपूर्वीचे बिल, पावती, करारपत्र मागितले तर ते तासाभरात काढून दाखवणारी घरे आहेत. त्याच घरात सुनेच्या सिझेरियनचे डिस्चार्ज कार्ड विचारले, तर ते कोणाला सापडत नाही. मोठ्या काकींची 'पिशवी' कोणत्या कारणाने काढली, तिचा अहवाल काय आला, हे त्यांनाही ठाऊक नसते. हिशोबाच्या वह्या जशा जपल्या जातात, तशी घरातील प्रत्येक स्त्रीच्या आरोग्याची एक धारिका असावी. शस्त्रक्रियेची तारीख, कारण, सोनोग्राफी आणि विशेषतः काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजी अहवाल तीत ठेवावा. कोणतीही गाठ काढली, की "ती तपासणीला पाठवली ना?" हे विचारावे आणि अहवाल हाती येईपर्यंत पाठपुरावा करावा.

ज्या स्त्रीला गाठ, रक्तस्राव किंवा छातीतला त्रास जाणवतो, तिने तीन महिने एक साधी नोंद ठेवावी : पाळीची तारीख, त्रासाची तारीख, गाठीचा आकार. ही अर्ध्या पानाची नोंद डॉक्टरांना बरेच काही सांगून जाते. मात्र आधी सांगितलेल्या इशाऱ्यांपैकी एखादा दिसत असेल, तर नोंदीसाठी थांबू नये.

याहून अवघड गोष्ट आहे ती बोलण्याची. पाळीच्या दिवसांत बाजूला बसण्याची रीत ज्या घरांत आजही पाळली जाते, तिथे स्त्रीच्या पाळीच्या तारखा साऱ्या घराला ठाऊक असतात. तिच्या वेदना मात्र कोणालाच ठाऊक नसतात. "पाळीत दुखायचेच" हे वाक्य आजी आईला सांगते, आई लेकीला. एन्डोमेट्रिओसिसचे निदान होण्यास अनेक वर्षे लागतात, त्यामागे वैद्यकीय अडचणींइतकाच या वाक्याचाही वाटा आहे. सासूबाईंनी सुनेला, जावेने जावेला, लेकीने आईला "तुझ्या टाक्यांच्या जागी काही दुखते का?" एवढे विचारले तरी पुष्कळ होईल. आणि दुकानातून रात्री उशिरा घरी येणाऱ्या पुरुषाने डॉक्टरांकडे जाण्याचा दिवस, वसुलीच्या दिवसाइतक्याच निश्चयाने, पक्का करावा.

सुपारीएवढ्या शंभर गाठींपैकी बहुतेक सगळ्या साध्याच निघतील. तपासणीनंतर ती स्त्री निर्धास्त मनाने घरी परतेल आणि वर्षानुवर्षे सोसलेल्या वेदनेवर उपचारही मिळतील. एखादीच गाठ वेगळी निघेल. ती लहान असताना, जागेवर असताना हाती लागली, तर ती पूर्णपणे काढून टाकता येण्याची शक्यता सर्वाधिक असते. त्यासाठी स्नानाच्या वेळी हाताला लागलेली गोष्ट त्याच दिवशी घरात कोणाला तरी सांगितली गेली पाहिजे.